पोरायचं मागचं पाहून घ्या

"लाल झालं! लाल झालं बे!"

बोरगावच्या रस्त्यावर भैय्याजींचा संत्र्याच्या रसाचा कारखाना आहे. त्या आवारात एकच गलका उठला. कामगार यंत्रं सोडून धावले, फळं निवडणाऱ्या बाया हातातल्या संत्र्यांसकट उठून आल्या. मध्ये खुर्चीवर हळदीबाबा बसला होता, आणि समोरच्या टेबलावर ओल्या हळदीचं पिवळंधमक फडकं अंथरलं होतं. त्या फडक्यावर शीतलच्या पंजाचा लालभडक ठसा उमटला होता. तिचा तळहातही लाल. जवळच्या बाईनं आपला पदर ओढून घेतला आणि ती चार पावलं मागे सरली.

"मागचं बोलून राहिलं, मागचं!" बाबानं डोळे पांढरे केले. "या पोरीच्या मागं रक्त आहे. हिले घेसान तर कारखान्याचा रस नासन. हळद माय कधी खोटं बोलत नाही! बोला हळद माय की..."

"जय!" लोक ओरडले.

कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख दामिनी हे सगळं दारातून पाहत होती. तिला शिसारी आली होती.

आता हा बाबा इथं आलाच कसा? नागपूरच्या ज्या कंपनीला भैय्याजी रस विकत, तिथल्या साहेबांचा फोन आला होता. मागच्या वर्षी एका कारखान्यात बनावट गुणपत्रिकेवर घुसलेल्या शिकाऊ पोरानं टाकीभर रस नासवला होता. म्हणून साहेब म्हणाले, "या वेळी प्रशिक्षणाला घ्याल त्या पोरांचं मागचं नीट पाहून घ्या." झालं! इकडे सौंसरच्या भागात पोराला ताप आला, म्हशीनं दूध चोरलं, की लोक कुणाकडून तरी 'पाहून घेतात'. जो पाहतो तो 'पाहणारा'. भैय्याजींच्या कानांनी तेवढंच ऐकलं. त्यांचा सुपरवायझर गुणवंता म्हणाला, "भैय्याजी, माह्या ओळखीचा एक नंबर पाहणारा आहे," आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून हळदीबाबा उतरला. काय ही अक्कल!

प्रयोगशाळेत जागा एकच होती. दामिनीनं घेतलेल्या परीक्षेत मोहगावची शीतल पहिली आली होती, आणि सहा महिन्यांच्या या प्रशिक्षणाशिवाय तिचा डिप्लोमा पुरा होणार नव्हता. पण आता डिप्लोम्याचं सोडा. हाताला रक्त आलेली पोरगी म्हणून संध्याकाळपर्यंत तिचं नाव मोहगावभर होणार होतं.

शीतल भिंतीशी उभी होती. लाल हात तिनं ओढणीत लपवला होता.

"मॅडम, मी काय केलं जी?"

"काही नाही केलं तू. मले सांग, फडक्यावर हात ठेवायच्या आधी त्यानं काय केलं?"

"तीर्थानं हात धुवायला लावले. पाणी बुळबुळीत होतं मॅडम. साबणावानी."

दामिनीनं सकाळपासून हात लाल झालेले आठवले. तिघं. तिघंही आपापल्या गावच्या बुद्धविहारामागच्या वस्त्यांमधले. आणि गुणवंताचा भाचा स्वप्निल, जो परीक्षेत नापास झाला होता, त्याचा हात कसा हळदीत स्वच्छ पिवळा! ती तडक टेबलाशी गेली.

"बाबा, लोटे दोन काहून आहेत?"

"एक गंगेचा, एक नर्मदेचा."

"मग या पोरीले गंगेनं धुतलं अन् स्वप्निलले नर्मदेनं? नद्या पण वस्ती पाहून वाहून राहिल्या का?"

दोन-तीन बाया फिसकन हसल्या. गुणवंता पुढे झाला, "मॅडम, देवाच्या कामात..." पण तोवर शीतलचे हात ज्यातून धुतले तो लाल दोरा बांधलेला लोटा दामिनीनं उचलला होता.

"भैय्याजी, हात करा पुढं," ती बाबाशेजारी उभ्या असलेल्या मालकाला म्हणाली.

"माहा कायले?"

"मालकाचं मागचं नको पाहायला?"

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? भैय्याजींनी हात धुतले, फडक्यावर दाबले. आणि ठसा उमटला लालभडक.

बाबाची जीभ मात्र चालूच. "मालकाच्या आज्यानं कधीतरी..."

"ए! माह्या आज्याचं नाव घेतं?" भैय्याजी उसळले.

दामिनीनं शीतलला नळाखाली हात खळखळून धुवायला लावले, मग दुसऱ्या लोट्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं. शीतलनं भीतभीत फडक्यावर हात दाबला. ठसा पिवळाच. मग दामिनीनं एका बाईच्या हातातलं आंबट संत्रं घेतलं, कापलं, आणि भैय्याजींच्या लाल ठशावर पिळलं. लाल हळूहळू विरलं, पिवळं परत आलं.

"घ्या. आज्याचं पाप एका संत्र्यात धुतलं!"

आता मात्र सगळं आवार हसलं. बाबा नाही हसला.

"या लोट्यात पापडखार आहे," दामिनी म्हणाली. "हळदीले खार लागला का ती लाल होते. आंबट लागलं का परत पिवळी. यात न गंगा, न रक्त."

"अगं बाई!" फळं निवडणारी इंदू कपाळावर हात मारून म्हणाली. "हळदीच्या डागाले साबण लावला का डाग लालच होते ना जी! जलमभर पाहून राहिली मी!"

"मग मघाशी जय काहून म्हटलं?" दामिनीनं विचारलं.

"सगळे म्हणून राहिले होते," इंदू खाली बघत म्हणाली.

भैय्याजींनी बाबाची कॉलर धरली, तेव्हा त्याची भाषा खाडकन जमिनीवर आली. "मले काही माहीत नाही साहेब. कोणाले लाल करायचं ते गुणवंताभाऊनं सांगतलं होतं."

गुणवंताला निदान लाज वाटावी! तो म्हणाला, "भैय्याजी, तुमच्यासाठीच केलं. त्या वस्तीतली पोट्टी प्यायचा रस हाताळणार, बरं दिसते का?"

दामिनीला वाटलं, त्या खाराच्या लोट्यानं याचं तोंड धुवावं. या घाणीला कुठलंच संत्रं पुरलं नसतं.

भैय्याजींनी दोघांनाही फाटकाबाहेर काढलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "मॅडम, मग चौकशी करूच नाही का?"

"जरूर करा. गुणपत्रिका खरी का ते कॉलेजात विचारा, शिकवणाऱ्या सरांना फोन करा. पण पोरीला सांगून, तिच्या देखत. ती काय शिकली ते विचारा, कुठल्या वस्तीतली ते नाही. अन् ज्याले चौकशीला बसवलं, त्याची चौकशी तुम्ही केली होती का?"

भैय्याजी शीतलकडे वळून म्हणाले, "पोरी, उद्यापासून ये."

शीतल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "येईन जी. पण गावात सांगतील, शीतलच्या हाताले रक्त आलं. ते कोण पुसणार? तुम्ही मोहगावले या. तिथं हात लाल करून दाखवा."

लोक सटपटले. मालकाला असं बोलते? भैय्याजींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. लाली अजून गेली नव्हती.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मोहगावच्या चौकात भैय्याजींनी हळदीचं फडकं अंथरलं, खाराच्या पाण्यानं हात धुतले, पंजा लाल केला आणि संत्रं शीतलच्या हाती दिलं. "पीळ," म्हणाले. तिनं सगळ्या गावासमोर पिळलं.

तुमच्याही घरी हळद असेल, साबण असेल. पुढचा जयजयकार करायच्या आधी एकदा करून पाहा.