हिरव्या धाग्याच्या साड्या

माझी सून दिपाली मोबाईलवर कुणा बाईचं ऐकून शिकली, की जे वर्षभर वापरलं नाही ते घराबाहेर काढायचं. मी म्हटलं, मग पहिले मलेच काढ, गुडघे गेल्यापासून मी कोणाच्या वापरात नाही. माझा लेक अमर हसला. ती हसली नाही. तिथपासून माझं लक्ष तिच्यावर.

बाभुळगावचं चार खोल्यांचं घर भाड्यानं द्यायचं आणि मी यवतमाळला लेकाच्या दोन खोल्यांत जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. मी मान हलवली होती, पण किल्ली अजून माझ्या कमरेला होती.

भाताचे मोठे गंज गेले, पराती गेल्या, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या. मी बोलले नाही. मग आहेराच्या साड्यांच्या लोखंडी पेटीची पाळी आली. आपल्याकडे एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात पुढे जाते, त्यात लाज नाही. भीती एकच, ज्या बाईनं दिली तिच्याच ओटीत ती परत पडायची. माझ्या नणंदेसोबत एका घरी तसंच झालं. तिनं आपल्या हातानं लावलेला फॉल ओळखला आणि भर मांडवात उलटा करून दाखवला. तेव्हापासून मी प्रत्येक साडीच्या पदराला आतून धागा टाकते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, चिठ्ठ्या लावणं आपलं काम नाही. माहेरचा लाल, नणंदांचा पिवळा, ईनबाईचा हिरवा. मालक गेले, पण त्यांनाही ही खूण मी सांगितली नाही.

ईनबाई म्हणजे दिपालीची आई, कळंबची बेबीताई. दर दिवाळीला भारी साडी आणायची. जिची पोरगी आपल्या घरात नांदते ती इतकी भारी साडी उगीच देत नसते. मी घ्यायची, कुंकू लावायची आणि पेटीत टाकायची. दुसरीला द्यायला जीव व्हायचा नाही, नेसायला मन व्हायचं नाही.

एका दुपारी डोळा लागला होता. उठून पेटी पाहिली तर लाल होत्या, पिवळ्या होत्या. हिरवी एकही नाही.

मी आवाज केला नाही. सगळं जागच्या जागी आहे ना, एवढं विचारलं. दिपाली कांदा चिरत होती. हो आई, म्हणाली, आणि मान काही वर केली नाही. कांद्यानं डोळ्यात पाणी असेल, पण मला ते पाणी पटलं नाही.

संध्याकाळी विरजण मागायला समोरच्या हंसाबाईकडे गेले. तिच्या कापसाच्या गाठोड्यावर माझी निळी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून हिरवा धागा लोंबलेला. हंसाबाईला सुनेनं शपथ घातली होती की मला कळू द्यायचं नाही, म्हणून तिनं लगेच सगळं सांगितलं. कळंबची पाहुणी येऊन जाईपर्यंत पिशवी तिच्याकडे ठेवायची होती.

आता काय समजायचं राहिलं? बेबीताई गुरुवारी सामान बांधायला मदत करायला येणार होती. पोरीनं काढायचं, मायनं न्यायचं. मी मनाशी पक्कं केलं. पिशवी कळंबच्या गाडीत चढताना धरायची, अमरसमोर ठेवायची आणि सांगायचं, हे घर मी सोडत नाही. ज्या घरात माझ्या पेटीला पाय फुटतात तिथं मी म्हातारपण काढत नाही.

बेबीताई आली. दिवसभर भांडी कागदात गुंडाळली, कंबर धरली तरी थांबली नाही. मग पेटीचं झाकण तिनं स्वतःच उचललं. आत चाचपडत विचारलं, मी दिलेली ती जांभळी कुठं हाय? दिपाली पटकन म्हणाली, तुझ्या साऱ्या साड्या आईच्या नेसायच्या कपड्यांत हायेत, त्या यवतमाळला पोचल्या. बेबीताईच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. लपवता लपवता हसत होती.

गुडघे ओरडत होते तरी स्टँडपर्यंत मी तिच्यासोबत गेले. तिच्या हातात तिची पर्स आणि मी दिलेली लोणच्याची बरणी, बाकी काही नाही. गाडी गेली. संशय खोटा ठरल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला राग आला.

घरी आले तर दिपाली हंसाबाईकडून पिशवी घेऊन दारातच उभी.

"काहून लपवल्या वं?" मी विचारलं.

"मम्मी पेटी उघडीन हे मले माहीत होतं, आई. तुमच्यासाठी साडी काढायले ती दुकानात अर्धा दिवस बसते. तिले एकाही साडीची घडी मोडलेली दिसली नसती."

मी पिशवीतली वरची साडी काढून पदर उलटा केला. मग म्हटलं, "हिरवा धागा तिचा, हे तुले कोणं सांगितलं?"

"कोणं सांगाले पाहिजे? लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच समजलं. मम्मीच्या हरेक साडीले हिरवा, अन् नेसता तुमी लाल धाग्याच्याच."

इतकी वर्षं हिनं माझी खूण वाचली आणि ओठ हलवला नाही. चोर निघाली असती तर सोपं होतं.

निघायच्या दिवशी मी जांभळी नेसले. घडीवर जरीचे काठ काळे पडले होते, निऱ्या बसता बसेनात. अमरला म्हटलं, फोटो काढ आणि कळंबला पाठव, गुडघ्याखालचं येऊ देऊ नको. दिपाली निऱ्या धरायला वाकली. मी धरू दिल्या.

बाहेर टेम्पो भरत होता. माझ्या सामानाच्या प्रत्येक खोक्याला तिनं लाल धागा बांधला होता, मला वाचावं लागू नये म्हणून. अमरच्या खोक्यांना पिवळा. आणि दोन खोकी होती काळ्या धाग्याची, काळा तर माझ्या खुणेत कधीच नव्हता.

"यात काय हाय?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर पाहा," ती म्हणाली, आणि पुन्हा मान वर केली नाही.

मी कमरेची किल्ली काढून भाडेकरणीच्या हातावर ठेवली आणि टेम्पोत पुढे बसले, आरशातून मागची खोकी दिसतील अशी.