चाकांवरचं मशीन

भय्यासाहेबांच्या कारखान्यात अगरबत्तीसाठी लागणाऱ्या बांबूच्या काड्या बनतात. बनवणारं मशीन चाकांवर उभं होतं. कंपनीनं ते चाकांविना दिलं होतं, चाकं भय्यासाहेबांनी वेल्डिंग करून घेतली.

कारण साधं होतं. आधी दोनदा त्यांनी मशीन सिमेंटमध्ये पक्कं बसवलं आणि दोन्ही वेळा सरकारनं परदेशी काड्यांवरचा कर उतरवला. बाहेरचा माल स्वस्त झाला, दोन्ही मशीनं छिन्नीनं उपटून भंगारात गेली. दिल्लीतलं कुणीतरी गावातल्या देवास गेटच्या सिमेंटच्या दुकानावर नजर ठेवून आहे, अशी त्यांची खात्री झाली.

चाकांमुळे मशीन सुरू झालं की फिरायला निघायचं. सकाळी खिडकीपाशी, दुपारी दाराशी. विटा लावल्या तरी थरथर जायची नाही, काड्या जाड-बारीक निघायच्या. मक्सी रोडचा अगरबत्तीवाला वर्षभराचा माल घ्यायला तयार होता, पण काड्या एकसारख्या हव्यात म्हणाला. दोन नमुने परत आले. तिसरा आणि शेवटचा पंधरा दिवसांत द्यायचा होता.

"बाबा, बोल्ट मारा आता," तेजस्विनी म्हणाली. ती त्यांची मुलगी, इंदूरला इंजिनियर.

"बोल्ट मारला की कर उतरतो. हमेशा."

"पाच वर्षं कर जागचा हललेला नाही. हलतंय ते आपलं मशीन."

"आणि आपल्याला बांबू देणार आहे तो बैतूलचा शेतकरी?" त्यांची बायको जयू स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यानं चार वर्षांपूर्वी रोपं लावली, आता कुठे तोडणी येतेय. त्याला नाही भीती वाटली?"

"त्याच्या बांबूला चाकं लावता येत नाहीत," भय्यासाहेब म्हणाले, आणि मिस्त्रीचा नंबर शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. "साहब, एकदम पक्का कर दूँ?"

"कर दो. पण आवाज कम."

सिमेंट वाळेपर्यंत आठवडाभर त्यांनी पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचला. कर होता तिथेच होता. मशीन सुरू झालं, दुपारीही खिडकीपाशीच सापडलं. तिसरा नमुना पास झाला.

संध्याकाळी ते कापून काढलेली चाकं जपून ठेवायला शोधू लागले. जयूनं ती गव्हाच्या कोठीखालच्या फळीला ठोकली होती.

"चाळीस किलो गहू आहे आत," ती म्हणाली. "हवी असतील तर काढून घ्या."

भय्यासाहेबांनी कोठी जरा ढकलून पाहिली. छान चालत होती.