परत न केलेली जर्सी

मी एक जुनी पांढरी जर्सी आहे. छातीवरचा माझा लाल गुलाब, इंग्लंडच्या रग्बी संघाची खूण, आता कुणी दाखवल्याशिवाय दिसणार नाही, आणि दाखवणार तरी कोण, म्हणा!

मित्रांनो, माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी इंग्लंडात झाला. कपडे रेशनवर होते. देशाच्या संघाच्या जर्स्या कॉवनम क्लबच्या ताब्यात असत. क्लबचे चिटणीस पॉमफ्रेटसाहेब खेळाडूंना बजावत, "सामना संपला की जर्सी परत. घरी न्यायची नाही!"

मला अंगात घातलं ते हर्बर्ट टॅटरसॉलने. हा पावभट्टीवरचा गडी, तेव्हा फौजेत होता. रग्बीत तो पुढच्या फळीत उभा राही. स्कॉटलंडविरुद्ध त्याचा कान फाटला, माझी कॉलर रक्ताने भिजली, तरी गडी हटला नाही. लोक ओरडत होते, "शाब्बास, हर्बी! रेट त्यांना!" काय सांगू, त्या दिवशी मी धन्य झाले. हर्बर्टने मला परत दिलंच नाही. कोटाखाली लपवून घरी आणलं.

देशाकडून खेळणाऱ्याला गोंड्याची मखमली टोपी मिळते. त्याच्या बायकोने, एडनाने, शेगडीवरच्या भिंतीत खिळा ठोकला. "टोपी इथं लागणार," ती शेजारणींना सांगे. युद्ध संपलं, तरी खिळा रिकामाच. हर्बर्ट चौतीस वर्षांचा झाला होता. त्याला आता कोण निवडणार?

मग क्लबात देशाच्या खेळाडूंची मेजवानी ठरली. बोलावणं नसताना हर्बर्ट मला घालून, वर कोट चढवून गेला. पॉमफ्रेटसाहेबांनी दारातच अडवलं.

"तुझी टोपी कुठाय?"

"तेच विचारायला आलोय, साहेब. मी दोनदा खेळलोय."

"लढाईतले सामने धरत नाहीत, बाबा."

"मग हे रक्त तरी धराल की नाही?" हर्बर्टने कोट उघडला.

साहेब कॉलर निरखून बघू लागले. मला वाटलं, आता मानतील.

"अरेच्चा! ही तर आमचीच जर्सी! चोरलीस होय रे? काढ."

"साहेब, लोक बघतायत."

"बघू देत. काढ म्हणतो ना!"

आतले खदाखदा हसले. "अहो, विजार कुणाची आहे तेही बघा!" एकजण ओरडला. भर थंडीत हर्बर्टने मला उतरवलं आणि उघड्या अंगावर कोट घालून तो निघून गेला. एडनाला त्याने काय सांगितलं असेल, या विचाराने अजून माझा जीव तुटतो.

साहेबांनी मला झाडूवालीकडे फेकलं. "फडकी कर हिची." तिने माझे चार तुकडे केले.

मित्रांनो, ज्याच्या घामाचा जो मान असेल तो त्याला वेळेवर द्या, एवढंच माझं मागणं. जास्त बोलत नाही, कामाची वेळ झाली. क्लबच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट आहे. त्यात मखमली टोप्या मांडल्या आहेत. रोज सकाळी त्याची काच मीच पुसते.