कढईखालच्या गोळ्या

माझ्या गोळ्या टेबलावरून फरशीवर पडल्या तरी फुटल्या नाहीत, म्हणून वसमतच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. मी नववीत आहे, आणि त्या दिवसापर्यंत मला वर्गात हात वर करायचीही भीती वाटायची. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर मी किती हवेत होते ते कळेल.

गोळ्या म्हणजे जळणाच्या. आमच्या हट्टा गावाच्या बाजूला सोयाबीनचं भूस आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचा चुरा लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नुसता पेटवून देतात. आमचे विज्ञानाचे राठोड सर म्हणाले, तोच दाबून गोळ्या केल्या तर चुलीला होतील. मी मोटारीच्या तुटक्या पाइपात चुरा भरायचे, वरून पहारेने ठेचायचे आणि गोळी बाहेर ढकलायचे. पण चुऱ्याला एकमेकांत धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं. सर त्याला बाइंडर म्हणतात. मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली.

"खायचं पीठ जाळायला निघाली माझी बाई!" असं म्हणत आईने तरी वाटीभर दिलं.

त्या गोळ्या जळायच्या झकास. पण सायकलच्या पिशवीतून शाळेपर्यंत नेल्या की निम्म्यांचा भुगा. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. शेजारच्या पार्वतीकाकूने चूल लिपायला तळ्याची चिकणमाती घमेल्यात भिजवून ठेवली होती. मी त्यातली दोन मुठी माती उचलून चुऱ्यात मिसळली. गोळ्या दगडासारख्या झाल्या. मग आणखी दोन मुठी. शेवटी घमेलं जवळजवळ रिकामं झालं आणि कोंबड्यांनीच माती उकरली असं समजून काकू दोन दिवस त्यांना शिव्या देत राहिली.

"काय वापरलंय यात?" परीक्षकांनी विचारलं.

"ज्वारीची खळ, सर. शंभराला पाच." मी ठणकावून सांगितलं. मातीचं नाव काढलं नाही. मंडपात काडी ओढायला बंदी होती, त्यामुळे गोळी जळते का हे कुणी बघितलंच नाही.

मग काय विचारता! गिरणीत पीठ दळायला गेले तरी बाया मला पुढे घ्यायच्या. काकूने पुन्हा भिजवलेली मातीही गुपचूप उचलून जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी मी तसल्याच दोन गोण्या गोळ्या केल्या. एकही पेटवून बघितली नाही. मला बघायचीच नव्हती.

त्यात काकूची हळद निघाली. दहाच गुंठे, पण काकूचं सगळं वर्ष त्यावर. आमच्याकडे हळद शिजवायची मोठी कढई सटवाजीमामाची, आणि ती ज्याच्या-त्याच्या नंबराने मिळते. आपला नंबर हुकला की आठ दिवस थांबायचं. काकू नंबराच्या आदल्या दिवशी आमच्या दारात आली.

"कोमल, तुझ्या गोळ्या देतीस का गं? पऱ्हाट्या मी जाऊबाईला देऊन टाकल्या. तुझ्या भरवशावर राहिले बघ."

तेव्हा सांगता आलं असतं. आई तिथेच होती, कौतुकाने बघत होती.

"घ्या की काकू," मी म्हणाले. "दोन गोण्यांत कढई उतरंल."

सकाळी कढईत हळद आणि पाणी भरलं, वर पोती झाकली, खाली काकूने गोवऱ्या पेटवून माझ्या गोळ्या रचल्या. गोवऱ्या जळून गेल्या. मग नुसता धूर. डोळे चोळत सटवाजीमामा म्हणाला, "पोरी, ह्या गोळ्या हायत का गोटे?" सगळे हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बराच वेळ झाला तरी पाणी कोमटच. काकूने चिमट्याने एक गोळी ओढली, दगडावर ठेवून फोडली. वरून भाजून लाल, आत काळपट, आणि त्यात सुतळीचे तुकडे. चूल तडकू नये म्हणून लिपायच्या मातीत सुतळी कातरून घालायची पद्धत गल्लीत फक्त काकूची.

काकूने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही.

"चूल मातीची काहून करतेत गं?" ती म्हणाली. "जळू न्हाई म्हणून."

"अर्धी कच्ची हळद राहिली तं सडती," मामा म्हणाला. "उद्या कढई दुसऱ्याला द्यायची हाय, पार्वतीबाई."

मी पळत सुटले. पहिल्या दारात पऱ्हाट्या मागितल्या. "काहून? तुझ्या गोळ्या हायत की!" मी म्हणाले, कमी पडल्या. दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या दारात जिवनबाई होती. तिने मोळी तर दिलीच, वर म्हणाली, "मलाबी दोन गोण्या करून ठेव. पुढच्या हप्त्यात माझा नंबर हाय."

आता काय करणार? "माझ्या गोळ्यांत माती हाय, मावशी. जळत न्हाईत त्या."

जिवनबाईने मोळी माझ्या डोक्यावर चढवली. मग आधीच्या दोन दारांतही परत जाऊन तेच सांगावं लागलं. मग चौथ्या, पाचव्या. एकीने तर पोरींना बाहेर बोलावलं, "ऐका गं, पहिला नंबर काय म्हणून राहिली ते." दरवेळी वाटायचं, आता सवय होईल. होत नव्हती.

शेवटचं दार राठोड सरांचं. त्यांच्या अंगणात बंबाची लाकडं रचलेली होती. सर बनियनवर, खांद्याला टॉवेल. मी एका दमात सगळं सांगितलं. सरांनी लाकडं उचलली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि चालू लागले. निम्म्या वाटेत म्हणाले, "जिल्ह्याला कोण कळवणार?"

"मी लिहिते, सर."

"लिही. किती टक्के माती घातली, तेही लिही."

"मोजली नव्हती, सर."

सर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालायला लागले. त्या सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त लाज तिथे वाटली.

दुपार कलल्यावर कढईला फेस आला, हळदीचा वास गल्लीभर गेला. काकूने एका हळकुंडात काडी खुपसली. ती आरपार गेली, म्हणजे हळद शिजली. मी तिच्या तोंडाकडे बघायला धजले नाही. कढईखालच्या न जळलेल्या गोळ्या वेचून घमेल्यात टाकत राहिले.

"इकडं बघ," काकू म्हणाली.

मी बघितलं.

"कोंबड्यांना उगंच शिव्या दिल्या मी. सकाळी तळ्यावर जाय, माती आण. माझी चूल लिपायची राहिली हाय."

"सुतळी किती घालायची, काकू?"

"मी दाखवते. या बारीला मोजून घाल."