एक फेरी, मग घरी

ट्रेगेन्झांच्या घरात पोर पडलं तर त्याला कुणी उचलायचं नाही, असा नियम होता. नियम घातला म्हाताऱ्या आल्फने, म्हणजे लाइलच्या बापाने. मातीच्या गोल ट्रॅकवर पडलेल्या पोराने आपलं आपण उठायचं, नाकातली माती शिंकरायची, मोटरसायकल उभी करायची आणि एक पूर्ण फेरी मारूनच घरी निघायचं. हळू मारली तरी चालेल, रडत मारली तरी चालेल. "भीती इथंच टाकून जायची," आल्फ म्हणायचा, "घरी नेलीत तर पलंगाखाली राहायला येते." एक फेरी, मग घरी. पडलो तरी नाक वर, असं लोक टोमण्याने म्हणतात; ट्रेगेन्झा मंडळी ते मिरवायची.

लाइलने आपली पहिली अशी फेरी चार वर्षांचा असताना मारली, भोकाड पसरून. दहाव्या वर्षी डावं मनगट मोडलेलं असताना मारली, एका हाताने. त्या फेरीवर आल्फ पुढे कितीतरी वर्षं गावाच्या पबमध्ये फुकट बिअर प्यायला. लाइलला मोठी शर्यत कधी जिंकता आली नाही, पण त्याच्या हातात कसब होतं. दुकानातून आणलेली मोटरसायकल म्हणजे त्याच्या लेखी न शिवलेलं कापड. मागच्या शेडमध्ये तो तिची चौकट कापायचा, टाकी हाताने ठोकून नव्याने घडवायचा, बसणाऱ्याच्या ढुंगणाला बेतून सीट करायचा. ॲडलेडहून लोक गाड्या घेऊन यायचे आणि हा त्यांना महिनोन् महिने टांगून ठेवायचा. हौसेला मोल नसतं, आणि घाईही नसते. त्याच्या बायकोच्या, जनीनच्या, माहेरी धड सायकलसुद्धा कुणी चालवत नव्हतं. लग्नानंतर तिने पहिल्याच रविवारी ओळखलं, की आपण वेड्यांच्या घरात पडलोय. मग तीही पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजून, टॉवेलात गुंडाळून ट्रॅकवर यायला लागली.

आणि त्यांचा थोरला, ब्रॉडी. तो तर पाळण्यातून उतरला तो थेट मोटरसायकलवरच बसला म्हणा ना. लाइलने त्याच्यासाठी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून गाडी केली होती. पोरगं वळणावर डावा पाय मातीत घासत असा काही टाकायचं, की आल्फ म्हातारा कुंपणाला धरून हसायचा. डाव्या बुटाखाली जो लोखंडी तळवा बांधतात, तो लाइल दरवर्षी पाय वाढला की कापून, जोड देऊन, पुन्हा झाळून द्यायचा. ते सगळे तळवे शेडच्या भिंतीवर ओळीने टांगलेले आहेत. शेवटचा ब्रॉडीच्या एकोणिसाव्या वर्षाचा.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ब्रॉडी शेवटच्या शर्यतीत पडला होता. उठला, हसला, डोकं जरा गुंगतंय म्हणाला. बक्षिसं वाटून झाली, माणसं पांगली. व्हॅनमध्ये सामान भरायच्या आधी लाइल सवयीने म्हणाला, "चल, एक फेरी, मग घरी." ब्रॉडी म्हणाला, "दुखत नाहीये, डॅड," आणि गेला. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर त्याचे हात हँडलवरून सुटले. गाडी न वळता कुंपणात शिरली.

डोक्यात रक्तस्राव आधीच्याच पडण्याने सुरू झाला होता की दुसऱ्या आदळण्याने वाढला, हे लाइलने डॉक्टरला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाला, नक्की सांगता येत नाही. त्या चार शब्दांना लाइल तीन वर्षं धरून होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो हाच. जनीनने त्याला कधी एका शब्दाने टोचलं नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं.

ब्रॉडी आता चाकांच्या खुर्चीत बसतो. भरवलं की खातो. बघतो सगळीकडे, पण कशाकडे ते कळत नाही. तीन वर्षांत एक शब्द बोललेला नाही.

लाइलच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. त्याने ती कुणाला सांगितली नाही, पण जनीनला ठाऊक होती: ब्रॉडीची फेरी राहिलीय. अर्ध्यात राहिलीय, म्हणून पोरगं तिथेच अडकलंय. ती पुरी झाली की कदाचित परत येईल. दुसरा कुणी असं बोलला असता तर लाइलनेच त्याला हसून घालवलं असतं. पण त्याने लोकांच्या गाड्या बाजूला सारल्या आणि एका जुन्या दणकट मोटरसायकलला साइडकार जोडायला घेतली. खोल सीट, मानेला आधार, छातीवरून पट्टे, हाताला धरायला गुंडाळलेली कांब. त्याचे दोन हिवाळे त्यातच गेले होते.

त्या रविवारी साइडकार पहिल्यांदा ट्रॅकवर आली. सरावाचा दिवस होता, फारसं कुणी नव्हतं. कीथ, म्हणजे क्लबचा पाणीवाला, झाडूवाला आणि अध्यक्षही, टँकरने माती भिजवून परतला आणि साइडकारपाशी थबकला.

"लाइल, हे काय रे? घरचा सोफा उचलून आणलास?"

"सोफा नाही. सिंहासन आहे."

"मग बिअर ठेवायला जागा कुठाय?"

"सिंहासनावर बसणारा पीत नाही, आणि चालवणाऱ्याला बायको पिऊ देत नाही."

लाइलची तेरा वर्षांची मुलगी टेगन हेल्मेट काखेत धरून साइडकारभोवती फिरली. "डॅड, एक बाजू निळी आणि एक हिरवी का? रंग संपला?"

"ब्रॉडीला दोन्ही दाखवले. त्याने दोन्हींकडे बघितलं."

"तो भिंतीकडेपण बघतो," टेगन म्हणाली, आणि जाता जाता भावाच्या केसांतून हात फिरवून गेली. घरात ब्रॉडीवर विनोद करायची मुभा फक्त तिला होती.

जनीन कुंपणापाशी ब्रॉडीच्या खुर्चीला टेकून उभी होती. "आधी टेगनचं होऊ दे," ती लाइलला म्हणाली. "मग तुझं काय ते कर. पण हळू. आणि एकदाच."

"एकदाच," लाइल म्हणाला.

टेगन चांगली चालवत होती. जरा जास्तच चांगली. ब्रॉडीचा पाय टाकायचा ढंग तिने बघून बघून उचलला होता. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना मागचं चाक ओल्या मातीत सरकलं, मग कोरड्या जागी त्याने एकदम पकड घेतली, आणि गाडीने तिला उडवून दिलं. ती खांद्यावर पडली, डोकं आपटलं, दोनदा लोळली.

लाइल धावला. पण तो पोचायच्या आत टेगन उठून बसली होती, नाक शिंकरत होती. कीथही आला. तिने दोघांना हात हलवून बाजूला व्हायला सांगितलं आणि गाडी उभी करायला लागली. तिला नियम सांगावा लागत नव्हता. गाडी ढकलत ती कुंपणाजवळ, आईला चेहरा दिसेल अशा ठिकाणी आली.

"एक फेरी," ब्रॉडी म्हणाला.

आवाज जाड झाला होता, गंजल्यासारखा, पण शब्द स्वच्छ होते. जनीनच्या हातातला चहाचा कप खाली पडला.

"लाइल. तो बोलला." तिने खाली वाकून ब्रॉडीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बाळा, परत म्हण. परत म्हण ना."

"एक फेरी."

टेगन रडायला लागली आणि हसायलाही. "ऐकलंस, डॅड? मला सांगतोय तो. थांब हं ब्रॉडी, ही मारलीच बघ." तिने गाडीवर टांग टाकली आणि इंजिन सुरू केलं.

लाइलने पुढे होऊन हँडलजवळचं बटण दाबलं. इंजिन बंद पडलं.

"नाही मारायची."

"का?"

"डोकं आपटलंय तुझं. उतर."

"दुखत नाहीये, डॅड."

तेच शब्द, तोच सूर. लाइलने तिचा दंड असा घट्ट पकडला, की ती ओरडली.

"अरे पण ब्रॉडी सांगतोय. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलतोय तो, आणि तू... आपला नियमच आहे ना?"

"आता नाही."

"कधीपासून?"

लाइलने तिचा दंड सोडला. कीथ टेगनच्या हेल्मेटकडे बघत होता. ब्रॉडीच्या समोर गुडघ्यांवर बसलेली जनीन मागे न वळता बोलली.

"हे तेव्हा त्याला सांगायला हवं होतंस, लाइल. एवढंच. डोकं आपटलंय, उतर." तिने ब्रॉडीची हनुवटी पुसली. "मी तरी कुठे सांगितलं? मी पास्ट्या थंड होतील म्हणून घाई करत होते."

तीन वर्षं झाकून ठेवलेलं असं दिवसाउजेडी, कीथच्या देखत उघडं पडलं, आणि त्याने काहीसुद्धा झालं नाही. आकाश कोसळलं नाही. लाइलला हलकंही वाटलं नाही. वाटेल अशी त्याला आत कुठेतरी आशा होती, तीही गेली.

टेगनने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि मुकाट्याने गाडीवरून उतरली. ती हुशार पोरगी आहे. तिने पुन्हा काही विचारलं नाही.

कीथ म्हणाला, "मी हिला इस्पितळात नेतो. दाखवून घेऊ. जनीन, तूही चल." ब्रॉडीला व्हॅनमध्ये बसवायला लाइलने खुर्ची वळवली, तेव्हा ब्रॉडीने कुंपणाची तार धरली. त्या हातात इतकी ताकद असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "एक फेरी," तो म्हणाला. मग सारखं म्हणत राहिला, ओठांतून लाळ गळत, तार हलवत. बोटं सोडवायला गेलं की गुरासारखा हंबरायचा.

"तुम्ही जा," लाइल म्हणाला. "मी ह्याला फिरवून आणतो."

जनीनने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याने तो घेतला असता. तिथे त्याच्यासारखीच आशा होती, आणि ती बघवेना. ती कीथच्या गाडीत बसली.

ट्रॅकवर दोघंच उरले. लाइलने साइडकार आणली आणि चावी फिरवून इंजिन धडधडू दिलं, तेव्हा कुठे ब्रॉडीने तार सोडली. लाइलने त्याला उचलून सीटमध्ये बसवलं, पट्टे आवळले, जुनं हेल्मेट घातलं. तो आता हलका राहिला नव्हता. कांबेवर त्याची बोटं एकेक करून मिटवली.

चालण्याच्या वेगाने निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण. ब्रॉडीचा डावा पाय पट्ट्याखाली ताणला गेला, वळणाला टाकतात तसा. लाइलला ते दिसलं. पलीकडचा सरळ पट्टा आला. कुंपणाच्या तिथल्या फळ्या अजून नव्या दिसतात. फळ्या मागे गेल्या. तिसरं वळण, चौथं, आणि ते फाटकापाशी पोचले. फेरी पुरी झाली.

लाइलने इंजिन बंद केलं, दोघांची हेल्मेटं काढली. ब्रॉडी घामेजला होता, शांत होता. त्याची नजर चक्क लाइलवर होती.

"झाली," लाइल म्हणाला. "झाली बघ तुझी फेरी, गड्या. चल घरी."

ब्रॉडीने ट्रॅककडे बघितलं. "एक फेरी," तो म्हणाला.

ते पुन्हा निघाले. पुन्हा फाटकापाशी आले. लाइलने पुन्हा सांगितलं, झाली. मग त्याने पुढ्यात बसून, खांदे धरून सांगितलं. मग ओरडून सांगितलं. दर वेळी ब्रॉडी नीट ऐकून घ्यायचा आणि ट्रॅककडे असा बघायचा, की जणू आत्ताच आलाय, गाडी आत्ताच उतरवलीय.

सुरुवातीला लाइलला वाटलं, पोरगं आपल्याला शिक्षा करतंय. पण शिक्षेला राग लागतो, आणि ब्रॉडीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उन्हं उतरली, गुलाबी काकाकुव्यांचा थवा ओल्या मातीवर येऊन बसला आणि साइडकार जवळ येताच उडाला, तेव्हा कुठे लाइलच्या लक्षात आलं. ब्रॉडी काही मागत नव्हता. त्याचं सगळं पुसलं गेलं होतं, पण बापाने शेवटचं सांगितलेलं तेवढं राहिलं होतं. तो सांगितलेलं काम करत होता. लहानपणापासून तो फार ऐकणारा मुलगा होता.

खिशात फोन वाजला. लाइलने फाटकापाशी गाडी थांबवून घेतला.

"टेगन ठीक आहे," जनीन म्हणाली. "थोडे दिवस घरी पडून राहायला सांगितलंय. आम्ही घरी पोचलो. तुम्ही कुठे आहात?"

"ट्रॅकवर."

"अजून? लाइल, त्याला काही... काही फरक?"

लाइलने साइडकारकडे बघितलं. निळी बाजू मातीने भरली होती. ब्रॉडी कांब धरून सरळ बसला होता, समोर बघत, तयारीत.

"पास्ट्या गरम करते," जनीन म्हणाली. "घरी कधी येताय?"

"माहीत नाही," लाइल म्हणाला.