शून्य पॉइंट दोन

"बाई, हे दोन कुठून आलं?" मामांनी फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं. "आपण तर शून्य पॉइंट दोन घालायचो."

बाईंच्या निरोपसमारंभाला अजून अर्धा तास होता. त्यांचा तो गाजलेला शोधनिबंध विभागाने मोठा छापून काचेत बसवला होता आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : सहाशे बारा संदर्भ. म्हणजे सहाशे बारा जणांनी आपापल्या लेखनात या निबंधाचा हवाला दिला होता. चेष्टा आहे का! मामा याच प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांतली जेली शिजवत आले होते. त्या जेलीवर अंजिराचा एवढासा डोळा ठेवला की त्याची शंभर रोपं व्हायची. मामांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण आकड्यांत त्यांना कुणी फसवून दाखवावं.

"काहीतरीच काय मामा," म्हणत बाईंनी चष्मा लावला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. लिटरला दोन मिलिग्रॅम. जेलीत घालायचं संजीवक, म्हणजे डोळा फुटवणारं औषध, दहापट छापलं होतं.

हे पान त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, तीनदा तपासलंही होतं. पण आपलंच लिखाण तपासताना डोळे नुसते पानावर फिरतात, वाचत असतं ते मन. मनात शून्य पॉइंट दोन होतं, तेच त्यांना दिसलं. पुढे निबंध उघडायची गरज कुणाला होती? इथे सगळे मामांनी कपाटाच्या दारावर पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यावर चालायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग या सहाशे जणांचं काय झालं हो?" मामा म्हणाले. "दोन घातलं तर डोळा फुटतच नाही, नुसता गोळा होतो. एकानेही बोंब मारली नाही?"

"त्यांनी करूनच पाहिलं नाही, मामा. एकाने नाव टाकलं, त्याचं बघून दुसऱ्याने टाकलं." बाईंना हसू आलं. उभा जन्म ज्या निबंधावर मिरवला, तो कुणी वाचलाच नव्हता! पण लगेच त्यांना आठवलं.

एकाने बोंब मारली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी एका छोट्या रोपवाटिकेच्या मालकाचं पत्र आलं होतं. घरामागच्या खोलीत त्याने स्वतःच्या हिकमतीवर लॅब उभी केली होती. 'तुमच्या आकड्याबरहुकूम सहा वेळा केलं. सहाही वेळा गोळेच झाले. बाई, आकडा बरोबर आहे ना?' बाई तेव्हा परिषदेला निघाल्या होत्या. निबंध न उघडताच त्यांनी चार ओळी खरडल्या : आकडा बरोबर आहे, दोष हाताळणीत असावा, हात सुधारा.

हात सुधारा! मेलं काय लिहून बसलो आपण!

पत्र फायलीत सापडलं. वर फोन नंबर होता.

"आत्ता कशाला, बाई? विभागप्रमुख साहेब बोलवायला येतील."

"उद्या मला धीर व्हायचा नाही, मामा."

फोन त्या मालकाच्या मुलीने उचलला. बाईंनी ओळख सांगितली. "अय्या, तुम्ही? तुमचं पत्र बाबांनी अजून जपून ठेवलंय. एवढ्या मोठ्या बाईंनी उत्तर दिलं, म्हणतात. त्यानंतर लॅब मोडली त्यांनी. रोपवाटिकाही काकाला देऊन टाकली. अहो, दारातल्या कुंडीला पाणीसुद्धा मला घालायला लावतात. म्हणतात, माझा हात रोपाला लाभत नाही."

"त्यांना देता का फोन?"

थोड्या वेळाने म्हातारा, खरखरीत आवाज आला. "बाई, तुम्ही स्वतः? धन्य झालो बघा."

"ऐका ना. आकडा चुकला होता. चूक माझी होती. तुमचा हात चांगलाच होता."

याने शिव्या द्याव्यात, निदान फोन तरी आपटावा, असं बाईंना फार वाटलं.

"बायको म्हणायची, आकडाच चुकला असेल," तो सावकाश म्हणाला. "मी भांडायचो तिच्याशी. छापलेलं कधी चुकतं का, म्हणायचो. गेली बिचारी." मग त्याने विचारलं, "किती हवं होतं?"

"शून्य पॉइंट दोन."

"थांबा हं. पेन दे गं जरा."

"आता कशाला, बाबा?"

"दे म्हणतो ना!"

सभागृहात कुणीतरी माइकवर 'सहाशे बारा' म्हणून पाहत होतं. साहेब दारात आले, बाईंचा चेहरा बघून तिथेच थांबले.

"शून्य पॉइंट दोन," पलीकडे त्याने लिहून वाचून दाखवलं. "बाई, आकडा बरोबर आहे ना?"

बाई उठल्या. फोन कानाला तसाच धरून कपाटापाशी गेल्या, मामांच्या पुसट झालेल्या पेन्सिलीच्या आकड्यावरून बोट फिरवलं, आणि मगच हो म्हणाल्या.