खल्फानचं रान

इद्रीसने गलबताच्या कण्याला करवत लावली आणि मान फिरवून ओढली. मुरलेला साग सहजी तुटत नाही. दुपारपर्यंत निम्माच कणा उतरला.

हे गलबत त्यानेच बांधलं होतं, अजमानच्या खाडीवर, म्हाताऱ्या खल्फान नाखव्यासाठी. पण ते पाण्यात उतरायच्या आधीच खल्फानचे डोळे गेले. कारभार मुलाकडे, सैफकडे आला. आता सगळे फायबरच्या होड्या घेत होते. सैफने गलबत दुबईतल्या एका हॉटेलला देऊन टाकलं. त्यात बुफे मांडणार होते. फरशीवर सपाट बसावं म्हणून कणा काढायचा.

“बाबांना यातलं काही सांगू नकोस,” सैफने खाडीवरच्या मोडक्या हिंदीत बजावलं होतं.

“दुसऱ्या कुणाला कापू दे,” दाभोळहून फोनवर इद्रीसची बायको हाफिजा म्हणाली होती.

“दुसरा माझ्या नावेला सोलून काढील गं.”

उन्हं कलताना सैफ बापाला हाताला धरून घेऊन आला. म्हातारा ऐकेचना, असं सैफच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इद्रीसने करवत खाली ठेवली.

खल्फानने फळीवर तळवा टेकवला.

“इद्रीस, आमच्याकडे नुसती वाळू. आमचं रान तुमच्या मुलखात. तुमच्या डोंगरातला साग आला नसता, तर माझा बाप मोती काढायला कशात बसून गेला असता? घराला आढं कुठलं घातलं असतं?”

“आता तिथेही तोड बंद झाली, बाबा. लाकूड येत नाही.”

“म्हणजे ही शेवटची.”

इद्रीसने पायाने करवत मागे सरकवली.

“पाण्यात कधी उतरवतोस?”

सैफ खाडीकडे पाहू लागला.

“इन्शाल्ला, थंडी पडली की,” इद्रीस म्हणाला. आवाज आपलाच आहे असं त्याला वाटेना.

खल्फान वाकला. त्याचा हात फळीवरून खाली सरकत गेला, कापलेल्या जागेशी थांबला. बोटांना चिकटलेला भुसा त्याने नाकाशी नेला, पुष्कळ वेळ तसाच धरला.

मग तो सरळ झाला आणि मुलाचा खांदा चाचपत म्हणाला,

“त्यांना सांग, वर्षातून एकदा तरी हिला तेल द्या. हॉटेलातल्या थंड हवेत लाकूड फार लवकर तडकतं.”